ताटातून काढलेला घास कुठे जातो?

प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की ख्रिस्ती घरांतली मुलं एकमेकांना हमखास विचारतात, ‘तू यंदा काय सोडलंस?’ कुणी चॉकलेट सोडतं, कुणी आइस्क्रीम, कुणी मोबाइलवरचे खेळ. मूल चाळीस दिवस ते नेटाने पाळतं. ईस्टरच्या सकाळी सुटतं आणि दुपारपर्यंत सगळं पूर्ववत होतं. त्याचा निश्चय खरा असतो, त्यात शंका नाही. पण पुढचा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो: तू जे सोडलंस, ते कुणाला मिळालं? मुलांचा प्रायश्चित्तकाळ खरं तर या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. ख्रिस्ती परंपरेत उपवास आणि वाटप यांची जोडी अगदी आरंभापासून आहे. मुलांच्या हाती मात्र आपण त्यातला एकच भाग देतो.

चाळीस दिवस कसे मोजतात?

ज्यांच्या घरी हा काळ पाळला जात नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. कुणी याला प्रायश्चित्तकाळ म्हणतं, कुणी उपवासकाळ, तर बोलताना अनेकजण सरळ लेंट म्हणतात. त्याची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशी कपाळाला लावतात. तिथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. रविवार हा पुनरुत्थानाचा, म्हणजे आनंदाचा दिवस, म्हणून मधले सहा रविवार वगळायचे, की चाळीस उरतात. ईस्टर चांद्रगणनेवर ठरतो, त्यामुळे तारखा दरवर्षी सरकतात. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला होता. २०२७ मध्ये या तारखा १० फेब्रुवारी आणि २८ मार्च अशा आहेत. महाराष्ट्रात हे दिवस वार्षिक परीक्षेच्या तयारीचे, उन्हं तापू लागण्याचे आणि होळीच्या आसपासचे असतात. मुलांसाठी काही ठरवताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

चाळीस हा आकडा येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांवरून आला. शुभवर्तमानातली ती गोष्ट संडे स्कूलमधल्या प्रत्येक मुलाला माहीत असते, पण तिच्यातली एक बाब सहसा सांगायची राहून जाते. येशूपुढे आलेला पहिला मोह भाकरीचा होता. तो भुकेला असताना सैतान त्याला म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. येशू ते नाकारतो. हाच येशू पुढे पाच हजारांची पंगत बसवतो आणि सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. एकट्याच्या भाकरीसाठी जे सामर्थ्य त्याने वापरलं नाही, ते भुकेल्या समुदायासाठी वापरलं. मुलांना या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगून पाहा. त्यांतलं नातं मुलं स्वतःहून ओळखतात.

नियम मुलांना लागू नाही, शिक्षण लागू आहे

कॅथोलिक धर्मसभेच्या नियमांत राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे दिवस आहेत. ती शिस्त सज्ञान झालेल्यांना, म्हणजे १८ वर्षं पूर्ण केलेल्यांना लागू होते आणि साठावं वर्ष लागेपर्यंत राहते. ठरलेल्या दिवशी मांसाहार टाळण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागतो. म्हणजे संडे स्कूलमध्ये बसणाऱ्या बहुतेक मुलांना यातलं काहीच बंधनकारक नाही. मात्र १९८३ च्या धर्मसंहितेतलं हेच कलम पुढे धर्मगुरूंवर आणि आईवडिलांवर एक जबाबदारी टाकतं: वयामुळे ज्यांना नियम लागू नाही, त्यांनाही प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवावा. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असं लेखी बंधन नाही. काही मंडळ्या हा काळ पाळतात, काही पाळत नाहीत. तिथेही मुलाला उपाशी ठेवावं असं कुणी म्हणत नाही.

मुलांना वगळणारा हा नियम शहाणपणाचा आहे. वाढत्या वयाच्या मुलाने जेवण टाळू नये. त्याच्याकडून अपेक्षा आहे ती अर्थ समजून घेण्याची, आणि तो अर्थ मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. तिथे येशू तीन गोष्टींबद्दल बोलतो: दानधर्म, प्रार्थना आणि उपवास. दान पहिलं येतं आणि उपवास शेवटी. तिन्हींना एकच अट आहे, गाजावाजा नको. आपण मुलांना शिकवताना हा क्रम उलटा करतो. आधी ‘काय सोडणार’ विचारतो, मग प्रार्थना पाठ करून घेतो आणि शेवटच्या रविवारी दानपेटी पुढे करतो.

सोडण्यातही एक पळवाट आहे. शुक्रवारी मटण बंद, म्हणून पापलेटचं कालवण केलं, तर नियम मोडत नाही. पण त्या जेवणाला मटणापेक्षा जास्त खर्च आला असेल, तर त्यातून काय साधलं? ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजात जन्मली, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. मुलं ही विसंगती चटकन पकडतात. त्यांनी विचारलं तर दटावू नये, कारण त्यांचा प्रश्न योग्य आहे.

वाचलेल्या जेवणाचा हिशेब

उपवास आणि वाटप वेगळे करता येत नाहीत, हे सर्वांत परखडपणे यशया संदेष्ट्याने सांगितलं. त्याच्या पुस्तकातल्या ५८व्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास करतो, तरी तू लक्ष देत नाहीस. देवाचं उत्तर असं की उपासाच्याच दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना राबवता. मला आवडणारा उपास म्हणजे जुलुमाची बेडी तोडणं, भुकेल्याबरोबर आपली भाकर वाटून खाणं आणि निराश्रिताला घरात घेणं. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी आणि शनिवारी कॅथोलिक मिस्सेत याच अध्यायाचं वाचन होतं. म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या उंबरठ्यावरच हा इशारा दिलेला आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी तो व्यवहारात आणला. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवासाची कृतीच दिली आहे. त्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यावं, एरवी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढावी आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. त्याच शतकातला अथेन्सचा तत्त्वज्ञ अरिस्तिदेस रोमन सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना सांगतो की त्यांच्यात कुणी गरजू असेल आणि देण्याजोगं शिल्लक काही नसेल, तर ते दोन-तीन दिवस उपास करतात आणि वाचलेलं अन्न त्याला देतात. या लोकांकडे स्वतःचंच पुरेसं नव्हतं. दान म्हणजे उरलेलं देणं, या आपल्या समजुतीला इथे धक्का बसतो.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला हर्मासची पद्धत सहज जमते. शुक्रवारी घरात साधं जेवण करायचं ठरवा: वरण-भात, एखादी भाजी. एरवीच्या शुक्रवारच्या जेवणाला किती खर्च येतो आणि आज किती आला, ते मुलाला वहीत मांडू द्या. फरकाची रक्कम त्याच्या हाताने डब्यात पडू द्या. मूल पोटभर जेवलेलं असतं आणि तरी उपवासाचा गाभा त्याला कळलेला असतो.

सारखं की न्याय्य?

वाटप म्हटलं की मुलं ‘सारखं’ म्हणतात. तीन भावंडं आणि एक आंबा असेल, तर तीन फोडी. त्यांच्या न्यायबुद्धीची सुरुवात तिथे होते आणि ती चांगली आहे. पण तिथेच थांबलं, तर पुढचं कळत नाही. म्हणून निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातली मान्नाची गोष्ट मुलांबरोबर सावकाश वाचावी.

मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेले लोक रानात उपाशी आहेत. सकाळी जमिनीवर मान्ना पडलेला असतो. आज्ञा अशी: प्रत्येकाने आपल्या तंबूतल्या माणसांच्या संख्येप्रमाणे, माणशी एक ओमर गोळा करावं. कुणी जास्त गोळा केलं, कुणी कमी. मोजून पाहिलं तेव्हा ज्याने जास्त घेतलं त्याचं उरलं नाही आणि ज्याने कमी घेतलं त्याला तुटवडा पडला नाही. काहींनी उद्यासाठी लपवून ठेवलं, तर त्यात किडे पडले. इथे वाटपाचं माप माणसांच्या संख्येवर आणि गरजेवर ठरलं. कुणाचा हात किती लांब पोहोचतो, यावर ठरलं नाही. कित्येक शतकांनी प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी मदत मागताना करिंथच्या मंडळीला याच गोष्टीची आठवण दिली.

संडे स्कूलमध्ये याचा एक खेळ करता येतो. वीस मुलं असतील तर वीस केळी आणा. चिठ्ठ्या टाकून चार मुलांना मिळून बारा केळी द्या, सहा मुलांना एकेक आणि उरलेल्या दोन केळ्यांभोवती दहा मुलं बसवा. मग काही न बोलता दोन मिनिटं थांबा. गलका होईल. कुणी लपवेल, कुणी लगेच देऊ लागेल, कुणी ‘माझ्या चिठ्ठीत आलंय’ असा हक्क सांगेल. मग नियम बदलण्याचं काम मुलांवरच सोपवा. बहुतेक वेळा ती एकेक केळं वाटून मोकळी होतात. तिथे दुसरा प्रश्न घालावा: आज एकजण न्याहारी न करता आला आहे आणि एकाला घरी धाकट्या बहिणीसाठी न्यायचं आहे, तर? इथे मुलं खरा विचार करू लागतात. उत्तर आपण देऊ नये. खेळ संपताना प्रत्येकाच्या हाती काहीतरी आहे एवढं पाहावं, आणि चिठ्ठीत जास्त मिळालेल्या मुलांना लोभी ठरवू नये. चिठ्ठी त्यांनी लिहिलेली नव्हती. जगातल्या बहुतेक वाटपाचं असंच असतं आणि चर्चेत सर्वांत मोलाचा मुद्दा तोच आहे.

आपल्या घरची पंगत

न्याय्य वाटपाचा धडा दूरच्या दुष्काळापासून सुरू केला, तर मुलाला आपलं घर त्यातून सुटलेलं वाटतं. म्हणून आधी स्वयंपाकघरात पाहावं. एक आठवडाभर मुलाने फक्त टिपणं काढावीत: जेवण कुणी शिजवलं, कुणी वाढलं, सर्वांत शेवटी कोण जेवलं, माशाचा मधला तुकडा कुणाच्या ताटात गेला, शिळी पोळी कुणी खाल्ली, टाकलं किती. कुणावर आरोप करायचा नाही, नुसतं लिहायचं. अनेक घरांत आठवड्याच्या शेवटी एकच नाव पुन्हा पुन्हा दिसतं. सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते खाणारी आई किंवा आजी. तिचं जेवण हा घरातला सर्वांत जुना आणि सर्वांत कमी लक्षात आलेला उपास आहे, आणि तो तिने स्वतः निवडलेला नाही. आठवड्यातून काही दिवस सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि मुलग्यांनीही वाढायचं, एवढं ठरलं, तरी त्या घराचा प्रायश्चित्तकाळ सत्कारणी लागला.

याच यादीत आणखी एक ओळ असावी: घरकामाला येणाऱ्या ताईंना चहा कोणत्या कपात दिला? कोपऱ्यात ठेवलेला वेगळा कप मुलांना दिसतो आणि काही न सांगता ती शिकतात. हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीत फार जुना आहे. करिंथच्या मंडळीत लोक प्रभुभोजनासाठी जमायचे. सुखवस्तू मंडळी आपापलं आधीच खाऊन-पिऊन घ्यायची आणि गरीब उपाशी राहायचे. पौलाने त्यांना खडसावून लिहिलं की हे प्रभूचं भोजन नव्हेच. देवाच्या मंडळीला तुम्ही तुच्छ लेखता आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवता.

आपल्या मराठी मुलखातलं एक उदाहरण मुलांना सांगण्यासारखं आहे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी त्यांनी सोवळं पाळलं आणि आपलं अन्नपाणी वेगळं ठेवलं. जातिभेदाबद्दलचा त्यांचा विचार हळूहळू, स्वतःशी झगडत बदलत गेला. मग कुणाच्याही हातचं खाण्यापिण्याचा आडपडदा गळून पडला आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हा प्रवास मोकळेपणाने सांगितला आहे. माणसात बदल होतो म्हणजे काय, हे यातून मुलांना कळतं. तो एका रात्रीत होत नाही, कुणी ढकलून होत नाही आणि झाला की तो स्वयंपाकघरात दिसतो.

वसई आणि मोखाडा, एकाच जिल्ह्यात

घरानंतर अंगणाबाहेर पाहायचं. वसईतल्या मुलांपुढे पालघर जिल्ह्याचा नकाशा ठेवावा. एका टोकाला समुद्राकाठची त्यांची चर्च, वाड्या, केळीच्या बागा. त्याच जिल्ह्यात डोंगराकडे जव्हार आणि मोखाडा हे तालुके. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जव्हारमधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. कुपोषणाचा प्रश्न तिथे अजून संपलेला नाही. दिवाळीनंतर तिथली अनेक आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला उतरतात, वसई-भिवंडीकडेही येतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या नेमक्या दिवसांत या कुटुंबांतली मुलं आपल्या गावाशेजारी राहत असतात. त्यांची शाळा सुटलेली असते. भुकेबद्दल शिकताना नकाशावर दूरचा खंड शोधत बसण्याची गरज नाही.

मोठ्या मुलांना आकडेही द्यावेत, पण हाताला लागतील असे. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. भारतात आणि महाराष्ट्रात हे प्रमाण जवळपास सारखंच आहे. पुरेसं आणि सकस अन्न दीर्घकाळ न मिळाल्याची ही खूण. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम. शाळेच्या पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम असं माप आहे. घरच्या काट्यावर मुलाला १६६ ग्रॅम तांदूळ मोजू द्या. एवढ्यात दोन वेळचं भागेल का, बरोबर डाळ, भाजी, तेल कुठून येईल, हे प्रश्न त्याला आपोआप पडतात.

मग दुसरा आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ साली जगभरातल्या घरांमध्ये माणशी सरासरी ७९ किलो अन्न वाया गेलं. त्यात साली, हाडं असा न खाण्याजोगा भागही मोजलेला आहे, तरीही हा आकडा दिवसाला दोनशे ग्रॅमच्या वर जातो. दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांच्या अन्नविषयक अहवालात २०२४ साली जगातल्या सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसांना पुरेसं खायला मिळालं नाही, असा अंदाज आहे. अन्न पिकतच नाही म्हणून माणसं उपाशी राहतात, ही समजूत या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. कमतरता वाटपात आहे, मजुरीत आहे, जमिनीच्या मालकीत आहे.

वाटप न्याय्य करायला दयाळू माणसं पुरत नाहीत, व्यवस्था लागते, हेही बायबलमध्येच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपाबद्दल कुरबुर होते. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं. प्रेषित ती तक्रार दाबत नाहीत. ते सगळ्यांना बोलावतात आणि वाटपाच्या कामासाठी सात माणसं निवडायला सांगतात. त्या सातांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्या गटाकडेच जबाबदारी सोपवलेली दिसते. रेशन दुकानावर भावफलक का असतो, पोषण आहाराची चव आधी शिक्षक का घेतात, ग्रामसभेत हिशेब का मागायचा, हे सगळं मुलांना या गोष्टीच्या आधाराने समजावता येतं.

केडगावची आठवण

भूक, बदल आणि वाटप या तिन्हींचा संगम पाहायचा तर पंडिता रमाबाईंकडे पाहावं. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात, तीर्थयात्रेत भटकताना त्यांचे आईवडील गेले, पाठोपाठ बहीणही गेली. पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १९००च्या दुष्काळात ही संख्या आणखी खूप वाढली. रमाबाई जेवण देऊन थांबल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम, छपाई, तेलघाणा अशी कामं आणि अक्षरं शिकवली. उद्या या मुलींनी कुणापुढे हात पसरू नये, हा विचार त्यामागे होता. आज पोट भरणं आणि उद्याची भाकर स्वतःच्या हाती असणं, यांतला फरक मुलांना इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

मूठभर तांदूळ

घरात करायची पद्धत साधी असली तरच टिकते. मिझोरममधल्या प्रेस्बिटेरियन घरांत १९१० पासून एक रीत चालत आली आहे, ‘बुहफाई थाम’. स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ बाजूला काढायची. साठलेला तांदूळ चर्चकडे जातो आणि विकून येणारा पैसा मंडळीच्या कामाला लागतो. श्रीमंत-गरीब सगळ्यांना ही मूठ परवडते. रोज अन्न शिजवतानाच दुसऱ्याची आठवण होते, हे तिचं मोठं बळ.

प्रायश्चित्तकाळाशी जोडलेले असे उपक्रम इतरत्रही आहेत. १९६० साली इंग्लंडमधल्या कॅथोलिक स्त्रियांनी कुटुंबाने मिळून पाळायचा उपवासदिन सुरू केला आणि वाचलेले पैसे कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरच्या माता-बाल दवाखान्यासाठी पाठवले. अमेरिकेत १९७५ साली पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनमध्ये ‘राइस बोल’ सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा एक डबा आणि रोज त्यात थोडे पैसे. त्यातला चौथा हिस्सा स्थानिक गरजूंसाठी राहतो आणि बाकीचा परदेशी जातो. भारतात १९६२ साली स्थापन झालेली कॅरिटास इंडिया ही कॅथोलिक संस्था या काळात भूक आणि रोगराईविरुद्ध निधी गोळा करते.

आपल्या घरी रोज एक मूठ तांदूळ किंवा डाळ एका बरणीत टाकण्याचं काम सर्वांत धाकट्या मुलाकडे द्यावं. मोठ्याने शुक्रवारच्या बचतीची वही सांभाळावी. पवित्र आठवड्यात घराने एकत्र बसून हे कुठे द्यायचं ते ठरवावं आणि मुलांचं मत खरोखर विचारात घ्यावं. वीटभट्टीवरची कुटुंबं असतील, तर तिथल्या माणसांना आधी विचारावं की त्यांना काय हवं आहे. धान्यापेक्षा मुलांच्या शाळेची सोय, तात्पुरतं रेशन मिळण्यासाठी मदत किंवा दूध ही गरज मोठी असू शकते. त्यांनी सांगितलेलं ऐकून घेणं हाही वाटपाचाच भाग आहे.

काही पथ्यं पाळायलाच हवीत. वर्गात कुणाच्या डब्यात किती साठलं ते जाहीर करू नये. फळ्यावर नावं नकोत, बक्षिसं नकोत. त्याच वर्गात ज्याच्या घरी महिनाअखेर कठीण जाते असंही मूल बसलेलं असतं. त्याला देणारा होण्याची संधी हवी आणि त्यासाठी एक मूठ तांदूळ किंवा एक तासाची मदत पैशाइतकीच मोलाची मानली पाहिजे. वयात येणाऱ्या मुलामुलींना उपवासाच्या नावाखाली वजन कमी करण्याची वाट दाखवू नये. आणि मदत देताना भुकेल्या मुलांचे फोटो काढू नयेत. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला गुप्तपणा तिथेही लागू होतो.

उंबरावरून उतरल्यावर

प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या रविवारी येशूच्या रूपांतराची गोष्ट वाचतात. डोंगरावर त्याचा चेहरा तेजाने उजळतो. पेत्राला तिथेच तंबू ठोकून राहावंसं वाटतं, पण येशू शिष्यांना खाली घेऊन येतो, आणि खाली एक आजारी मुलगा त्यांची वाट पाहत असतो. प्रार्थनेत काही उमगलं असेल, तर ते खालच्या रस्त्यावर उपयोगी पडलं पाहिजे, हे मुलांना या गोष्टीतून सांगता येतं.

रस्त्यावरचा बदल कसा असतो, ते जक्कयाने दाखवलं. यरीहोचा हा श्रीमंत जकातदार येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्या घरी उतरायला गेला. त्यानंतर जक्कयाने दोन गोष्टी जाहीर केल्या: अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करीन. यातलं पहिलं दान आहे, दुसरी भरपाई आहे. मुलांना हा भेद शिकवला पाहिजे. आईच्या वाट्याचं जेवण तिला मिळू लागलं, कामाच्या ताईंना आपल्याच कपात चहा मिळाला, मजुराला पुरी मजुरी मिळाली, तर त्यात कुणावर उपकार झालेला नसतो. जे त्यांचंच होतं ते त्यांच्याकडे परत गेलेलं असतं.

म्हणून यंदा मुलाने चॉकलेट सोडायचं म्हटलं, तर त्याला जरूर सोडू द्या. त्याबरोबर त्याला विचारा, की त्यातून काय वाचलं, ते कुणाचं आहे आणि ते त्याच्यापर्यंत कसं पोहोचवायचं. उत्तर शोधायला आपण त्याच्याबरोबर बसलो, तर ईस्टरनंतर चॉकलेट पुन्हा सुरू झालं तरी काही बिघडत नाही. बरणीत मूठ टाकणं, सगळ्यांनी एकत्र जेवायला बसणं आणि वाढण्याची पाळी लावणं या तीन सवयी जून महिन्यातही चालू राहिल्या पाहिजेत. त्या चालू ठेवण्याची जबाबदारी मुलांपेक्षा आपली, मोठ्यांची अधिक आहे, कारण मुलं आपलं सांगणं विसरतात आणि आपलं ताट लक्षात ठेवतात.